मान फिरवणारा नंदी

आमच्या कॉलनीतले लोक मानेचा उपयोग दोनच कामांसाठी करतात. अध्यक्ष मधुकरराव बोलायला लागले की ती खालीवर हलवायची, आणि शेजारच्या अंगणात भांडं वाजलं की ती तिकडं वळवायची. या दोन कामांना दोन वेगळे सांधे लागतात, हे मात्र इथं एकालाही ठाऊक नाही. ठाऊक नाही तर नाही, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, तर तेही नाही. मी भंडाऱ्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. कॉलनीत मला 'भूपेंद्र सर' म्हणतात, आणि गॅसचा नंबर लावून द्या, पोराच्या प्रोजेक्टला बेडूक काढून द्या, एवढ्यापुरतं ओळखतात. आजवर एका माणसानं मला मणक्याबद्दल विचारलेलं नाही.

तुम्हीही विचारलं नाही, पण मी सांगतो. कवटीच्या खाली पहिला मणका असतो, अ‍ॅटलास. तो बाकीच्या मणक्यांसारखा ठोकळा नसतो, नुसती कडी असते. त्या कडीवर दोन उथळ वाट्या, आणि वाट्यांत कवटी बसलेली. ती तिथं पुढंमागं डुलते, म्हणजे आपण 'हो' म्हणतो. त्याच्या खालचा दुसरा मणका अ‍ॅक्सिस. त्याच्या डोक्यावर एक खुंटा उभा असतो, आणि पहिल्या मणक्याची कडी त्या खुंट्याभोवती फिरते, जात्याचा वरचा दगड फिरतो तशी. कडीसोबत कवटी वळते, म्हणजे आपण 'नाही' म्हणतो. मान जेवढी वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एकट्या सांध्यात होतं. खालचे सगळे मणके मिळून उरलेलं काम करतात, आमच्या स्टाफरूमसारखं. माणसाला तसंच बैलालाही.

बैलाचं नाव निघालं म्हणून पुढचं सांगतो. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. खऱ्या बैलांचा सण आदल्या दिवशी आटोपतो, मग हा पोरांचा. लाकडी नंदीला चाकं, अंगावर झूल, शिंगांना बेगड, दोरी पोरांच्या हातात. मैदानात तोरण बांधतात, नंदी ओळीत उभे करतात, पूजा होते, तोरण तुटलं की पोळा फुटला. मग पोरं घरोघर नंदी नेतात आणि बोजारा घेतात, म्हणजे खाऊ. इतका साधा, गोड सण. पण आमच्या कमिटीनं त्यात 'सजावट स्पर्धा' घातली, आणि गेल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं ते थर्माकोलच्या हिमालयावर बसवलेल्या, पोटात लाल-हिरवे दिवे लागणाऱ्या नंदीला. तो नंदी अध्यक्षांच्या नातीचा होता. बक्षीसही अध्यक्षांच्याच हस्ते. टाळ्या वाजवताना सगळ्यांच्या माना खालीवर.

माझं डोकं तिथंच फिरलं. पोटात दिवे लागणारा बैल! कोणत्या प्राण्याच्या पोटात दिवे लागतात? मी ठरवलं, यंदा आमच्या खुशबूचा नंदी शास्त्रशुद्ध असेल. 'हो' म्हणणारे नंदी पुष्कळ झाले, दारोदार फिरतात. मी 'नाही' म्हणणारा नंदी करणार होतो.

अडचण एकच होती. नंदी खुशबूचा म्हटलं तरी मुळात तो तिच्या आईचा, म्हणजे तृप्तीचा. तृप्ती चालायला लागली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, तुलाराम पाटलांनी, सानगडीच्या सुताराकडून तो अख्ख्या सागाच्या ओंडक्यातून घडवून घेतला होता. लग्नात तृप्तीसोबत भांडी, कपाट आणि हा नंदी आला. कपाटाचं दार कधीच निखळलं, भांडी मोडीत गेली, नंदीला मात्र ती दर पोळ्याला स्वतः तेल लावते, मला हात लावू देत नाही. सासरेही दर तान्ह्या पोळ्याला सानगडीहून एसटीनं येतात आणि स्वतःच्या हातानं त्याच्यावर झूल घालतात. मला त्यांनी आजवर शालही घातलेली नाही, पण ते असो.

तृप्ती अड्याळला बहिणीकडे गेली, तो मोका मी साधला.

"बाबा, आईले विचारलं काय?" खुशबूनं पहिलाच प्रश्न केला. ती चौथीत आहे आणि आईवर गेली आहे.

"शास्त्र विचारून होत नसते."

"मग आई आली की तुमीच सांगजा. मी नाही सांगत."

नंदी काखेत मारून मी परसराम सुताराकडे गेलो. दाराची चौकट असो की देवाचा पाट, वाकडं करून देण्यात या माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. त्याला मी कागदावर अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिस काढून दाखवले. त्यानं कागद उलटा धरून पाहिला आणि मान डोलावली. मी म्हटलं, इथून कापायचं.

"काय म्हनता सर? पोळ्याच्या तोंडावर बैलाची मान? मी नाही कापत जी."

"अरे, लाकूड आहे ते!"

"लाकूड असो का काही असो. नंदी हाय न? मले बालबच्चे हायेत."

"मग जोडणार कोण?"

"जोडून देतो न! जोडाले काय हरकत हाय? तुमी कापून आना, मी जोडून देतो. जोडाचं पुन्य भेटते."

पाप माझ्याकडे, पुण्य त्याच्याकडे आणि मजुरी वरून. मी त्याची करवत उसनी घेतली आणि घरी आलो.

रविवारची सकाळ. नंदीला अंगणात पाटावर आडवा केला, एका गुडघ्यानं दाबला आणि करवत चालवली. साग म्हणजे साग, काही केल्या कापला जाईना. घामानं बनियन ओलं झालं, दंडाला भुसा चिकटला. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर सुलोचनाबाई ओले कपडे वाळत घालायला आल्या. या बाईंच्या मानेचा फिरण्याचा सांधा पूर्ण भंडारा जिल्ह्यात सर्वांत चांगल्या स्थितीत असावा. मधे आमचं पेरूचं झाड असल्यामुळं त्यांना फक्त माझी पाठ आणि हलणारा कोपर दिसत होता.

"काय करून राहिले जी सर?"

"मान कापून राहिलो."

"अगं बाई! कोणाची?"

"बैलाची."

मी एकही शब्द खोटा बोललो नाही. 'लाकडी' हा शब्द राहिला, तो त्यांनी विचारला असता तर मी सांगितला असता. पण त्या विचारायला थांबल्याच नाहीत. अर्धे कपडे बादलीत टाकून खाली गेल्या. मान वेगळी झाली तेव्हा गल्लीत दोन बायका कुजबुजत होत्या. मी आंघोळ करून चहा घेतला तेव्हा त्या दहा झाल्या होत्या. एकीनं तर आपल्या पोराला आमच्या फाटकासमोरून ओढून नेलं.

दुपारी दारात पोलीस हवालदार उभा. त्याच्यामागे अर्धी कॉलनी, आणि कॉलनीच्या पुढं, खांद्यावर उपरणं टाकून, मधुकरराव.

"सर, तुमी शिकलेले मानूस," हवालदार दुःखानं म्हणाला. "तुमच्या घरी बैल कापला म्हनते. कुठं हाय?"

"खिडकीत आहे," मी म्हणालो.

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. तिथं गजाला टेकून नंदीचं डोकं ठेवलं होतं. रंगवलेले मोठे डोळे, कपाळावर गेल्या वर्षीचं कुंकू. कोणीतरी आधी हसलं, मग सगळे हसले. हवालदाराला मात्र हसू आलं नाही. उन्हात आलेला माणूस रिकाम्या हातानं कसा जाईल?

"लाकडी हाय तं पहिले सांगाव न. सागाचा हाय काय?"

"हो."

"मंग पास?"

"कसला पास?"

"सागाचं लाकूड कापाले पास लागते सर. फारेस्टचा. झाड कोणाचं होतं?"

"अहो, सासऱ्यांची भेट आहे. चाळीस वर्षं झाली असतील!"

"मंग सासऱ्यापाशी असंन पास. आनून ठेवा." असं म्हणून तो बसला, चहा प्यायला, आणि जाताना आवाज खाली करून म्हणाला, "मान जोडून घ्या लवकर. पब्लिक लई वाईट हाय."

पब्लिक वाईट आहे, हे मला पोलिसानं सांगायला नको होतं. मी त्या पब्लिकच्या शेजारी राहतो. ज्यांनी सकाळी मला खाटीक ठरवलं, तेच आता दारात उभे राहून सल्ले देत होते. एक म्हणाला, गोंद लावा. दुसरा म्हणाला, गोंद सोडून देते, पट्टी ठोका. तिसऱ्यानं नागपूरच्या हाडाच्या डॉक्टरचा नंबर देऊ केला. तो थट्टा करत नव्हता, हेच वाईट.

संध्याकाळी तृप्ती आली. सुलोचनाबाईंनी तिला कोपऱ्यावरच गाठलं असणार, कारण तिनं पिशवी न ठेवता सरळ खिडकीकडं पाहिलं. मग धड पाहिलं. ते मी टेबलावर ठेवलं होतं, चार पाय, शेपूट, आणि वर नुसता गोल कापलेला भाग. मी लगेच समजावायला सुरुवात केली. कडी, खुंटा, वाट्या. ती ऐकतच नव्हती. तिनं त्या कापलेल्या जागेवर बोट फिरवलं.

"हा माझा होता," ती म्हणाली.

"अगं, तुझाच आहे. उलट आता—"

"माझा होता. तुमचा नव्हता. तुमच्या कालेजचा नव्हता. परवा बाबा येऊन राहिले. ते झूल टाकाले हात लावतीन तवा याची मान याच्या अंगावर पाहिजे. कशी करता, ते मले सांगू नका."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. तेव्हापासून आमच्या घरात मला फक्त ताट मिळत होतं, शब्द नाही. मी चूक केली होती का? शास्त्रीयदृष्ट्या नव्हती. पण घरात शास्त्राच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं, आणि खुशबू तर मला आधीच बजावून बसली होती.

त्यात भर म्हणून कमिटी आली. मधुकरराव, आणि मागं मान हलवायला दोन सभासद.

"सर, असं आहे," मधुकरराव सोफ्यावर ऐसपैस बसले. "खंडित मूर्ती पूजेत चालत नाही. शास्त्र आहे."

दोन्ही माना खालीवर.

"शास्त्र मला शिकवू नका. हा खंड नाही, सांधा आहे. तुमचा गुडघा वाकतो म्हणून तुम्हाला खंडित म्हणायचं काय?"

दोन्ही माना पुन्हा खालीवर. मग मधुकररावांनी मागं वळून पाहिलं आणि त्या थांबल्या.

"तसं नाही. पण मान हलणारा बैल म्हणजे... लोकं काय म्हणतील? काही अपशकुन झाला तर कमिटीवर येईल. आपण असं करू, त्या दिवशी मी स्वतः तपासतो. मान पक्की असली तर ओळीत घेऊ. नाही तर पोरीले बाजूले बसवा."

दाराआड खुशबू उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. आतून तृप्तीचा आवाज आला, "रडू नको. तुझे बाबा हुशार आहेत. हुशार लोकं तोडतेत बी आन जोडतेत बी." त्यातला टोमणा मला कळला. कमिटीलाही कळला, आणि त्या दोन सभासदांनी त्यावरही मान हलवली.

आता मागं फिरायचं नव्हतं. भांड्यांच्या बाजारातून पितळेची जाड कडी आणली. आमच्या भंडाऱ्यात पितळेला तोटा नाही. दुकानदाराला कशासाठी ते सांगायची चूक केली, त्यानं दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. परसरामनं खुंटा करून दिला. पहिला इतका जाड, की मान वळवली तर अख्खा बैल वळायचा. दुसरा असा वाकडा, की नंदी सतत आभाळाकडं पाहून राहिला, जणू पावसाची वाट पाहतो आहे.

"दोन खिळे ठोकून देतो सर," परसराम म्हणाला. "जलमभर हलनार नाही."

"अरे, हलवण्यासाठीच तर कापली!"

"मंग कापलीच कायले?" असं म्हणून तो पोळ्याला गावी निघून गेला. तिसरा खुंटा मी स्वतः घासला. शिलाई मशीनचं तेल सोडलं. शिंगांना दोन दोऱ्या बांधून पोटाखालून मागं आणल्या. उजवी ओढली की मान उजवीकडं, डावी ओढली की डावीकडं. लोण्यासारखी फिरायची. मी एकटाच अंगणात बसून त्याला विचारलं, "तुझ्यासारखा दुसरा कोणी केला आहे काय?" आणि दोरी ओढली. नंदी 'नाही' म्हणाला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सासरे आले. धोतर, टोपी, काखेत झूल. सांधा झाकायला मी झेंडूचा भरगच्च हार आणि त्यावर घुंगरमाळ घातली होती. तुलाराम पाटलांनी झूल टाकली, नंदीच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंडापर्यंत आणला आणि थांबले. तृप्ती दारात उभी होती.

"यंदा बैल उंच दिसून राहिला," ते म्हणाले.

"पालिश केलं जी," मी म्हणालो.

"पालिशनं उंची वाढते?"

"दोन हात मारले." तृप्तीनं माझ्याकडं असं पाहिलं, की चहाच्या पेल्यात तोंड घालून बसण्यावाचून मला दुसरं काही सुचलं नाही.

मैदानावर तोरण लागलं होतं. पोरं नटून आली होती, कोणी शेतकरी, कोणी नवरी. मधुकररावांच्या नातीच्या नंदीनं यंदा हिमालय सोडून रॉकेट घेतलं होतं, रॉकेटवर नंदी. मी हसलोही नाही. खुशबूनं आमचा नंदी ओळीत उभा केला आणि हळूच उजवी दोरी ओढली. नंदीनं शेजारच्या नंदीकडं पाहिलं. मग डावी. त्यानं दुसरीकडं पाहिलं. एका पोरीनं किंचाळून टाळ्या वाजवल्या, आणि बघता बघता सगळ्या मैदानातली पोरं आमच्या नंदीभोवती. रॉकेट एकटं पडलं.

"तुम्ही त्याला प्रश्न विचारा, तो उत्तर देते," खुशबू म्हणाली. मी तिला 'दोन आणि दोन पाच होतात काय' हा एकच प्रश्न शिकवला होता. पण तेवढ्यात मधुकरराव तपासायला आले, फेटा बांधलेला, गळ्यात रेशमी शेला, आणि या पोरीनं त्यांच्या तोंडावर विचारलं, "नंदीबाप्पा, यंदाचं बक्षीस बी अध्यक्षांच्याच नातीले द्याचं काय?"

नंदीनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, पुन्हा डावीकडं पाहिलं.

असं हसू त्या मैदानानं आजवर ऐकलं नव्हतं. ते दोन सभासदही हसले, मग घाबरून खोकले. तुलाराम पाटील एवढे हसले की टोपी सावरावी लागली. तृप्तीनंही तोंडावर पदर घेतला. तेवढं मी पाहिलं आणि मनात म्हटलं, जिंकलो.

"पाहू दे, पाहू दे काय केलं ते!" मधुकररावांचा चेहरा लाल झाला. ते गुडघ्यावर बसले आणि हार बाजूला सारून सांध्यात नाक खुपसलं. खुशबू घाबरली. घाबरून तिनं एक दोरी जीव खाऊन ओढली.

आता इथं जीवशास्त्राचा एक मुद्दा राहिला होता. खुंट्याच्या टोकापासून कवटीपर्यंत दोन चिवट पट्टे असतात, दोन बाजूंना. मान एका मर्यादेपलीकडं वळू लागली की ते ताणतात आणि डोकं थांबतं. नाहीतर आपण सगळे पाठीकडं पाहत हिंडलो असतो. बोर्डाच्या परीक्षेत ते पट्टे कोणी विचारत नाही, म्हणून मी ते फळ्यावर काढत नाही, आणि म्हणून नंदीतही ते राहून गेले.

नंदीची मान वळली, ती वळतच गेली. शेजारचा नंदी, मागची झूल, शेपटी, सगळं पाहून पुन्हा समोर आली. जाताना शिंगात मधुकररावांचा शेला अडकला. तेल इतकं मस्त लागलं होतं की दुसरी फेरीही झाली. शेला गुंडाळत गेला आणि त्याच्यासोबत मधुकरराव. "अरे! अरे! धरा!" लोकांनी मधुकररावांना धरलं आणि मागं ओढलं. नंदी एका बाजूला, अध्यक्ष दुसऱ्या बाजूला, मधे शेला. कोणाची मान आधी सुटते, हे पाहायला सगळं मैदान श्वास रोखून उभं. शेवटी माझा खुंटा कटकन मोडला. मधुकरराव उताणे पडले, आणि त्यांच्या गळ्यात शेल्याला बांधल्यासारखं नंदीचं डोकं लोंबकळत राहिलं.

त्यांची मान धरली होती. तीही नेमकी फिरण्याच्या सांध्यात. डावीकडं होईना, उजवीकडं होईना. वरचा सांधा तेवढा चालत होता. घाईत असलेल्या एका बाईनं विचारलं, "अध्यक्ष, आता पोळा फोडाचा काय जी?" मधुकरराव कळवळून 'नाही, नाही' करायला गेले आणि त्यांची मान खालीवर हलली. बस्स, लोकांना तेवढंच पाहिजे होतं. तोरण तुटलं, पोरं ओरडत सुटली. पूजाही राहिली, स्पर्धाही राहिली.

गर्दी पांगली आणि आम्हीच उरलो. सासऱ्यांनी अध्यक्षांच्या गळ्यातून नंदीचं डोकं सोडवून आणलं. कापलेल्या जागेवरचे करवतीचे दाते त्यांनी अंगठ्यानं चाचपले. पालिशचा विषय आता काढण्यात अर्थ नव्हता. तृप्ती खाली पाहत होती.

त्यांनी डोक्यावरची माती फुंकली, ते खुशबूच्या हातात दिलं आणि माझ्याकडं वळले.

"जवाईबापू, बैल आमच्या घरचा. पोरगी बी आमच्या घरची. बैलाचं झालं ते झालं, आता पोरीची मान तेवढी सांभाळजा."

मी एम.एस्सी. झालेला माणूस. मी मान हलवली. खालीवर.

खुशबूनं मात्र कोणाची वाट पाहिली नाही. एका हातात दोरी, दुसऱ्या काखेत डोकं, आणि मागून बिनमुंडीचा नंदी गडगडत. ती बोजारा मागायला निघाली तेव्हा मला वाटलं, आता दारं बंद होतील, खंडित म्हणतील, पोरीचा अपमान होईल. लाजलज्जा सोडून मी मागं मागं गेलो. पहिलंच घर सुलोचनाबाईंचं. त्यांनी दार उघडलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "खुशबू, दाखव न मले, ते कसं निघते त कसं बसते?" खुशबूनं डोकं बसवलं, फिरवलं, काढलं. बाईंनी स्वतः एकदा फिरवून पाहिलं. मग करंज्या दिल्या, भरपूर. पुढच्या घरी तेच. त्या दोन सभासदांच्या घरीही तेच. मधुकररावांच्या घरी तर नातीनं रॉकेट सोडून दोन वेळा मान फिरवली, आणि खाटेवर आडवे पडलेले अध्यक्ष ते पाहत होते, कारण दुसरीकडं पाहायची त्यांची सोय नव्हती. ज्यांनी पोलीस आणले, ज्यांनी खंडित म्हटलं, त्या सगळ्यांना एकदा तरी ती मान फिरवायची होती. या कॉलनीबद्दल माझं जे मत होतं ते त्या दिवशी पक्कं झालं.

संध्याकाळी सासरे एसटीत बसून गेले. मी गोंदाची बाटली आणि दोन खिळे घेऊन नंदीसमोर बसलो. हरलेल्या माणसानं नीट हरावं.

"पक्की करून देतो," मी तृप्तीला म्हटलं. "आता हलणार नाही."

तिनं नंदी मांडीवर ओढून घेतला. मोडक्या खुंट्यावर डोकं ठेवलं, दोन्ही शिंगं धरली आणि हळूहळू त्याचं तोंड स्वतःकडं वळवलं. ते मोठे डोळे तिच्या समोर आले.

"लहानपणी मी याले सगळ्या सानगडीभर ओढलं," ती म्हणाली. "थकली का बाजूले बसून बोलाव, हा आपला समोरच पाहे. माझ्याकडं कधी पाह्यलाच नाही हा." तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची माती पुसली. "राहू द्या. खिळे नका ठोकू."

दोन दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. अशा वेळी नवऱ्यानं काय करावं, हे मला ठाऊक नाही असं नाही, पण विषय माझा निघाला होता.

"म्हणजे बघ तृप्ती, ते जे तू आता वळवलं ना, त्यात पहिल्या मणक्याची कडी दुसऱ्याच्या खुंट्याभोवती—"

तृप्तीनं तोंड फिरवलं. सावकाश, पूर्ण, खांद्यापर्यंत. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो सांधा इतका चोख चाललेला मी पाहिला नव्हता, आणि दाखवायला समोर एकही विद्यार्थी नव्हता.